तळ्याकाठच्या पायऱ्या आणि सरोवराची मालकी

(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्कॉन्सिन राज्यात पंधरा हजारांहून अधिक सरोवरे आहेत. त्यांपैकी एखाद्या सरोवराच्या उतरत्या काठावर एक जुने घर आहे, अशी कल्पना करावी. घराचा मालक कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आहे. वडिलांनी उन्हाळ्यातील मुक्कामासाठी बांधलेली दोन खोल्यांची जागा त्याने हळूहळू राहते घर केली. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत डांबरी गाडीवाट आहे, जिला तिकडे ड्राइव्ह-वे म्हणतात. आणि घरापासून पाण्यापर्यंत लाकडी पायऱ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते, वसंतात वितळते आणि जमीन पुन्हा खाली बसते. वर्षानुवर्षे हे चालल्यामुळे डांबराला भेगा पडल्या आहेत, पायऱ्यांचे खांब कलले आहेत आणि काही फळ्या कुजल्या आहेत. उतारवयात पाय घसरण्याची धास्ती वाटते म्हणून तो दोन्हींची दुरुस्ती काढतो. शेजारी त्याला सांगतो, "सुतार बोलावण्याआधी काउंटीच्या झोनिंग कचेरीत जाऊन ये."

काउंटी म्हणजे साधारणतः जिल्हा, आणि झोनिंग म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधावे, किती बांधावे आणि कोठून किती अंतर सोडावे हे ठरविणारी व्यवस्था. त्या म्हाताऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : जमीन माझी, रस्ता माझा, पायऱ्या माझ्या; मग त्या नीट करायला सरकारची परवानगी कशाला?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक आणि दूरदेशीचा वाटतो. वस्तुतः खाजगी मालमत्ता आणि सामाजिक संपत्ती यांच्यातील सीमारेषा नेमकी या पायऱ्यांवरून जाते. मालमत्तेच्या हक्काचा कैवारी म्हणेल की, परवानगीची गरज नाही. कचेरीतला अधिकारी म्हणेल की, नियम म्हणजे नियम. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. समाजवादी विचाराच्या माणसाने या प्रश्नाचा वेगळा शोध घेतला पाहिजे.

नियम आला कोठून?

विस्कॉन्सिनमधील सरोवरे कोणा एकाची नाहीत, हे तत्त्व त्या राज्याच्या जन्माआधीचे आहे. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात तेथील नौकानयनयोग्य जलमार्ग सर्वांना सदैव मुक्त राहतील असे नमूद होते, आणि १८४८ च्या राज्यघटनेने ते तत्त्व स्वीकारले. पाणी लोकांचे आणि राज्य त्याचे केवळ विश्वस्त, हा सार्वजनिक न्यासाचा सिद्धांत त्यातून तेथे रुजला.

परंतु पाणी लोकांचे असले तरी काठ खाजगी मालकीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, सुट्ट्या वाढल्या आणि सरोवरांच्या काठी घरांची दाटी होऊ लागली. पाण्यात मैला झिरपू लागला, काठची झाडे तोडली गेली, दलदली भरून काढल्या गेल्या. तेव्हा १९६५ च्या विधिमंडळाने जलसंपत्तीविषयीचा कायदा केला. तो १९६६ साली अमलात आला. नगरांच्या हद्दीबाहेर, सरोवरापासून १००० फुटांच्या आणि नदीपासून ३०० फुटांच्या पट्ट्यात प्रत्येक काउंटीने भूवापराचे नियम केले पाहिजेत, असे बंधन त्याने घातले. राज्याने किमान प्रमाणे ठरवून दिली. घर पाण्याच्या नेहमीच्या उच्च रेषेपासून ७५ फूट मागे असावे. काठालगतच्या ३५ फुटांत झाडोरा राखावा. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना या अंतरातून सूट असावी, मात्र त्यांची रुंदी ६० इंचांपेक्षा अधिक नसावी.

या नियमांना आव्हान मिळणे अटळ होते. मॅरिनेट काउंटीत नोकबे सरोवराच्या काठी एका जमीनमालकाने परवानगी न घेता दलदलीत वाळूची भर घातली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नुकसानभरपाई न देता जमिनीचा वापर रोखणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच होय, असा मालकाचा युक्तिवाद होता. १९७२ साली न्यायालयाने तो फेटाळला. जमिनीचे नैसर्गिक स्वरूपच पालटून टाकण्याचा आणि त्यातून इतरांना अपाय करण्याचा अनिर्बंध हक्क कोणाही मालकाला नाही, असे त्या निकालाचे सार आहे. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात दिला गेलेला हा निकाल मालमत्तेच्या कल्पनेला एक महत्त्वाची मर्यादा घालतो.

छोट्या निर्णयांचा हिशेब

तरीही शंका उरतेच. दलदल बुजविणे निराळे आणि चार फळ्या बदलणे निराळे. एका गाडीवाटेने सरोवराचे काय बिघडणार?

याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. १२ फूट रुंद आणि १०० फूट लांब अशी गाडीवाट घ्यावी. तिचे क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. तिच्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २८०० लिटर पाणी जमते. जमीन मोकळी असती तर त्यातले पुष्कळसे मुरले असते. डांबरावरून ते उताराने धावते आणि वाटेत माती, तेल, बागेतील खत घेऊन सरोवरात उतरते. एका घरासाठी हा आकडा किरकोळ आहे. सरोवराभोवती अशी २०० घरे असली तर एका इंचाच्या पावसात साडेपाच लाख लिटरहून अधिक पाणी केवळ गाडीवाटांवरून धावते. मातीबरोबर फॉस्फरस येतो, फॉस्फरसावर शेवाळ पोसते. शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. यात कोणाही एकाचा गुन्हा दाखविता येत नाही, आणि तरीही तळे मरते.

अर्थशास्त्रात या प्रकाराला नाव आहे. आल्फ्रेड कान या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली, म्हणजे विस्कॉन्सिनचा कायदा अमलात आला त्याच वर्षी, 'छोट्या निर्णयांची जुलूमशाही' ही संज्ञा रूढ केली. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणाचा छोटा निर्णय घेतो आणि सर्वांच्या निर्णयांची बेरीज अशी होते की, ती एकत्रितपणे कोणीच निवडली नसती. विल्यम ओडम या परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकाने १९८२ साली हाच विचार पर्यावरणाच्या ऱ्हासाला लावून दाखविला. बाजाराजवळ या बेरजेचा हिशेब नसतो. सुताराच्या बिलात फळ्या आणि खिळे येतात, सरोवर येत नाही. हा राहून गेलेला हिशेब मांडणारे कोणीतरी हवे असते. झोनिंग कचेरीतील परवानगीचा कागद हे त्याचे एक साधन आहे. म्हणून "परवानगी कशाला?" या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की परवानगी त्या पायऱ्यांसाठी नसून सर्व पायऱ्यांच्या बेरजेसाठी असते.

कचेरीच्या दारात

परंतु तत्त्व योग्य म्हणून त्याचा अंमल न्याय्य असतोच असे नाही. तो निवृत्त कामगार कचेरीत जातो तेव्हा काय घडते ते पाहावे. त्याच्याकडे जागेचा नकाशा मागितला जातो. घर, गाडीवाट, पायऱ्या, विहीर, मैल्याची टाकी आणि पाण्याची रेषा हे सारे मापाने दाखवावे लागते. ती रेषा कोठे धरायची, यावरूनच पहिला वाद होतो. मग छप्पर, फरशी, डांबर अशा पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची टक्केवारी काढली जाते. २०१० पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे हे प्रमाण साधारणतः १५ टक्क्यांपर्यंत असावे; ३० टक्क्यांपर्यंत जायचे असेल तर परवानगी घ्यावी आणि झाडोरा लावणे, पाणी जिरविणे असे भरपाईचे उपाय करावेत. आधीपासून असलेला पृष्ठभाग दुरुस्त करता येतो, तो वाढविता येत नाही. म्हणजे सारा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपतो : हे काम दुरुस्ती आहे की नवे बांधकाम?

या टक्केवारीत एक विषमता लपलेली आहे. घर, गॅरेज आणि गाडीवाट मिळून ३३०० चौरस फूट भरतात असे धरावे. जुन्या काळी पाडलेला ५० फूट रुंद आणि २०० फूट खोल असा भूखंड १०,००० चौरस फुटांचा असतो. त्यावर हे प्रमाण ३३ टक्के होते आणि मालक कमाल मर्यादेच्या बाहेर पडतो. शेजारच्या श्रीमंताचा दोन एकरांचा भूखंड सुमारे ८७ हजार चौरस फुटांचा. तेवढेच बांधकाम त्याच्याकडे चार टक्केही भरत नाही, आणि कोणत्याही खास परवानगीशिवाय तो १३ हजार चौरस फूट जमीन झाकू शकतो. मोठ्या भूखंडावर पाणी मुरायला अधिक जागा असते, हे खरे. तथापि ही जागा राखण्याचा मान ज्याला ती विकत घेणे परवडते त्यालाच मिळतो आणि नियमभंगाचा डाग मात्र लहान भूखंडवाल्याला लागतो.

नियमातून सूट हवी असेल तर काउंटीच्या अपील मंडळापुढे जावे लागते. शेजाऱ्यांना सूचना जाते, जाहीर सुनावणी होते. अडचण जमिनीच्या अंगभूत रचनेमुळे आलेली असावी. मालकाचे वय, आजार वा आर्थिक अडचण हे कारण पुरेसे धरले जात नाही. यालाही तर्क आहे. मालक बदलतो, बांधकाम मात्र राहते. सरोवराकाठच्या एका घराला लाकडी गच्ची जोडण्यासाठी केनोशा काउंटीच्या मंडळाने दिलेली सूट १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कठोर कसोटीवर रद्द ठरविली होती. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने ही कसोटी काहीशी सैल केली. कायद्याचे हे बारकावे वकील, अभियंता आणि भूमापक हाताशी असलेल्या माणसाला उमगतात. नकाशाचा, मोजणीचा आणि हेलपाट्यांचा खर्च कामाच्या आकारमानाप्रमाणे घटत नाही. तीन मजली हवेली बांधणाऱ्याला तो जाणवतही नाही. पाच फळ्या बदलणाऱ्याला तो फळ्यांपेक्षा जड होतो. अर्थशास्त्रात ज्याला अधोगामी कर म्हणतात, म्हणजे गरिबाकडून प्रमाणाने अधिक वसूल होणारा, त्याच जातीचा हा भार आहे.

दुरुस्तीच्या नावाखाली

सामान्य माणसाची ही चीड खरी असते, आणि म्हणूनच ती इतरांच्या कामी येते. २०१५ च्या जुलैमध्ये विस्कॉन्सिनच्या अर्थसंकल्पाच्या कायद्यातच काठाच्या झोनिंगचे स्वरूप बदलून टाकणारी कलमे घालण्यात आली. तोवर राज्याची प्रमाणे ही किमान पातळी होती. एखादे सरोवर नाजूक असेल तर काउंटी अधिक कडक नियम करू शकत असे. नव्या कलमांनी किमान पातळीची कमाल पातळी केली. राज्याच्या प्रमाणांपेक्षा कडक नियम करण्यास काउंटीला मनाई झाली. शिवाय ७५ फुटांच्या आत असलेल्या जुन्या बांधकामाचा पाया वाढत नसेल, तर त्याची देखभाल, दुरुस्ती, बदली वा पुनर्बांधणी यासाठी काउंटीने परवानगी, शुल्क किंवा भरपाईचे उपाय मागू नयेत असे ठरले. बांधकामाच्या व्याख्येत पायऱ्याही आल्या.

येथे तो निवृत्त कामगार सुटकेचा निःश्वास टाकील. त्याच्या कुजक्या फळ्या आता विनासायास बदलता येतील. परंतु त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. अशा जुन्या बांधकामाची उंची जमिनीपासून ३५ फुटांपर्यंत वाढविण्यासही काउंटीला आडकाठी करता येत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. पाण्यालगतची दोन खोल्यांची जुनी झोपडी विकत घ्यावी, पाडावी आणि त्याच पायावर ३५ फूट उंच घर उभे करावे. कायद्याच्या दृष्टीने जुन्या बांधकामाचीच ती पुढची पायरी. दुरुस्ती हा शब्द कामगाराच्या तोंडी पाच फळ्यांचा होता. कायद्याच्या पुस्तकात जाऊन तो हवेलीचा झाला.

नियमांच्या शिथिलीकरणाची हीच रीत असते. लहान माणसाची अडचण पुढे केली जाते आणि सवलतीचे माप मात्र मोठ्या माणसाच्या अंगाने बेतले जाते. लहान माणसाची अडचण दूर करायचीच असती तर पायऱ्या आणि गाडीवाट यांच्यासाठी सोपा, विनाशुल्क मार्ग ठेवून भागले असते. त्यासाठी ७२ काउंट्यांचा स्वयंनिर्णय हिरावून घेण्याचे कारण नव्हते.

दुसराही एक विसंवाद आहे. राजधानी मॅडिसनला लागून असलेल्या मेंडोटा सरोवरात येणाऱ्या फॉस्फरसाचा मोठा हिस्सा भोवतालच्या शेतीतून येतो. पण पावसाबरोबर शेतावरून वाहून जाणारे पाणी अमेरिकेच्या १९७२ च्या जलशुद्धता कायद्याच्या परवाना-पद्धतीतून वगळलेले आहे. काठावरच्या घरमालकाची फूटपट्टीने मोजणी होते आणि दूरवरची मोठी शेती मोजणीबाहेर राहते. घरमालकाने नियम मोडावा असा याचा अर्थ नव्हे. बेरीज करायची तर सर्वांचीच करावी, एवढाच आहे.

पायऱ्या कोठे उतरतात?

झोनिंगचा इतिहासही निर्मळ नाही. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनात्मक ठरविले, तेव्हा स्वतंत्र घरांच्या वस्तीतील भाड्याच्या बहुमजली इमारतीला बांडगुळाची उपमा दिली होती. गरीब भाडेकरूंना दूर ठेवण्याचे हत्यार म्हणून ही व्यवस्था पुष्कळदा वापरली गेली. सरोवराकाठीही मोठ्या भूखंडाची सक्ती पाण्याचे रक्षण करते आणि त्याच वेळी काठाची किंमत वाढवून कामगाराला मागे सारते. विस्कॉन्सिनमध्ये पाणी सर्वांचे आहे, पण काठाची कोरडी जमीन खाजगी आहे. पाण्यात पाय ठेवून चालावे, जमिनीवर चढू नये, असा तेथील दंडक. पाणी लोकांचे आणि पायऱ्या मालकाच्या, अशी ही स्थिती आहे.

त्याच राज्यात यावर निराळे उत्तरही शोधले गेले होते. मिलवॉकी शहरात १९१० साली एमिल सायडेल हे समाजवादी महापौर निवडून आले. पुढे डॅनियल होन यांनी १९१६ पासून १९४० पर्यंत आणि फ्रँक झायडलर यांनी १९४८ पासून १९६० पर्यंत त्या शहराचा कारभार पाहिला. गटारे, पाणीपुरवठा, उद्याने यांतच रमणारे म्हणून विरोधक त्यांना 'गटारी समाजवादी' म्हणून हिणवत. त्यांनी ते नाव अभिमानाने मिरविले. त्यांच्यातील चार्ल्स व्हिटनॉल यांनी नद्यांचे व ओढ्यांचे काठ सार्वजनिक उद्यानपट्टे म्हणून राखावेत असा आराखडा १९२३ च्या सुमारास मांडला. पूर, प्रदूषण आणि कामगारांची विश्रांती या तिन्हींचा विचार त्यात एकत्र होता. काठ लोकांच्या मालकीचा झाला की पायऱ्याही लोकांच्या होतात, आणि त्यांची दुरुस्ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात येते.

भारताच्या किनाऱ्यावर

हा सारा प्रश्न भारतीय श्रोत्याला परका नाही. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोजवळची मिशिगन सरोवराच्या तळाची हजार एकरांहून अधिक जमीन १८६९ साली एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती. पुढे ती देणगी रद्द केली गेली. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे उचित ठरविले. लोकांसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली वस्तू सरकारला अशी देता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. बियास नदीकाठच्या एका हॉटेलाविषयीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, १९९६ च्या डिसेंबरात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेऊन सार्वजनिक न्यासाचा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले.

आणि येथेही 'दुरुस्ती' हा शब्द आहेच. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखाली आणला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत बांधकामास बंदी केली; मात्र जोते, चटई क्षेत्र आणि वस्तीची घनता न वाढविता अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करण्यास मुभा ठेवली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कोळ्याला या तरतुदीचा आधार वाटावा. पण ज्या घराचा कागदच नाही, त्या घराची अधिकृतता त्याने कशी सिद्ध करावी? २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बंदीचा पट्टा २०० वरून ५० मीटरांवर आणला. किनाऱ्यावरच्या घराला कौल घालायला मिळणे आणि किनारा पर्यटन-उद्योगाला मोकळा होणे या दोन गोष्टी एकाच सवलतीत बांधलेल्या आल्या की, त्यांतील कोणती खऱ्या अर्थाने अमलात येते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

मागणी कोणती असावी?

समाजवाद्यांनी परवानगीच्या विरुद्ध ओरड करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये. त्याचबरोबर कचेरीच्या प्रत्येक फतव्याचे समर्थनही करू नये. मागणी नेमकी हवी. असलेल्या जागेवर, असलेल्या मापाने केलेल्या दुरुस्तीला एका पानाची सूचना पुरेशी असावी. तिला शुल्क नसावे. माप वाढत असेल तेथे परवानगी हवीच, आणि शुल्क कामाच्या खर्चाच्या प्रमाणात असावे. उंची वाढविणे वा पाडून बांधणे याला दुरुस्ती म्हणू नये. नकाशा काढून देण्यासाठी कचेरीतच तंत्रज्ञ असावा, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्यालाही नियम कळेल. गाडीवाटेचे पाणी झाडोऱ्याकडे वळविणारी चर वा दगडगोट्यांचा शोषखड्डा करायला फार पैसा लागत नाही; विस्कॉन्सिनमध्येच अशा कामांना स्थानिक संस्थांमार्फत अनुदान देण्याचा उपक्रम सुरू झाला. तो हक्काचा भाग व्हावा. आणि दरवर्षी साऱ्या सरोवराचा एकत्र हिशेब लोकांपुढे यावा, ज्यात शेतीचे, हॉटेलांचे आणि हवेल्यांचे पाणीही मोजलेले असेल.

असे झाले तर तो निवृत्त कामगार कचेरीतून परतताना हातात नुसता होकार घेऊन येणार नाही. गाडीवाटेच्या कडेला चर कोठे काढावी याचे रेखाचित्र त्याच्याजवळ असेल, आणि आपल्या घरावरून किती पाणी तळ्यात जाते व शेजारच्या हवेलीवरून किती, हेही त्याला ठाऊक असेल. सुतार येऊन फळ्या बदलील. पुढच्या सुनावणीला, हवेलीची उंची वाढविण्याचा अर्ज येईल तेव्हा, तोच म्हातारा उभा राहून प्रश्न विचारू शकेल. ज्याच्याकडे अर्जदार म्हणूनच पाहिले जात होते तो सरोवराचा विश्वस्त होईल. परवानगीची व्यवस्था टिकवायची ती यासाठी.